समुद्राची यादी नाथसागरात कशाला?

मासेमारीला जाताना होडीत काय काय असावं, याची यादी इथं दिली आहे. त्यातलं व्हीएचएफ (बोलायचा रेडिओ), जीपीएस, फ्लेअर (मदतीसाठी पेटवायची इशाऱ्याची नळी) हे सगळं समुद्रावर जाणाऱ्यांसाठी बरोबर आहे भाऊ. आमच्याकडे पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यात, साधी वल्ह्यांची होडी चालते, तिथली गरज वेगळी.

धरण म्हणून हलक्यात घेऊ नका. पसारा मोठा अन् पाणी बऱ्याच ठिकाणी उथळ, म्हणून वारं सुटलं की लाटा लगेच उठतात. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळवाचं आभाळ भरलं की जाळं तिथंच सोडायचं अन् काठ गाठायचा. लाईफ जॅकेट अंगावरच पाहिजे, फळीखाली दाबून ठेवलेलं काय कामाचं? सोबत तोंड घट्ट बंद केलेला रिकामा कॅन दोरीला बांधून ठेवा, कोणी पडलं तर फेकायला होतो.

त्या यादीत चाकूचं कोणीच लिहिलं नाही, याचं नवल वाटलं. नायलॉनचं जाळं पायात नाहीतर बटणात अडकलं अन् वजनानं खाली ओढायला लागलं, तर हातानं तुटत नाही. चाकू कमरेला दोरीनं बांधलेला हवा, तोही एका हातानं उघडेल असा.

बाकी जादा वल्हं, पाणी उपसायला डबा, नांगराला दोरी-दगड, शिट्टी, बॅटरी अन् प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल. उन्हाळ्यात बर्फ मासळीच्या वजनाइतका तरी घ्या, नाहीतर रोहू-कटल्याला बाजारात कोणी विचारत नाही. प्यायचं पाणी मात्र बर्फाच्या खोक्यात ठेवू नका, मासळीचा वास लागतो.