मदत हवी आहे : सिली बेटांत उधाणाच्या रात्री नांगर टाकण्याविषयी

आम्ही पतिपत्नी प्लिमथला राहतो आणि येत्या ऑगस्टमध्ये आमच्या साडेआठ मीटर लांबीच्या शिडाच्या होडीने इंग्लंडच्या नैऋत्य टोकापलीकडच्या सिली बेटांना जाण्याच्या विचारात आहोत. सेंट ॲग्नेस आणि गू (Gugh) या दोन बेटांना जोडणारा वाळूचा बांध ओहोटीला उघडा पडतो. त्याच्या दक्षिणेला जे 'कोव्ह' आहे, तेथे एक रात्र नांगरावर काढायची आहे. वारा उत्तरेचा असेल तरच तेथे थांबू.

अडचण अशी, की आम्हाला मिळणारे दिवस नेमके पौर्णिमेच्या उधाणाचे आहेत. त्या दिवसांत तेथे भरती पहाटे आणि संध्याकाळी साधारण सहाच्या सुमारास पूर्ण होते, तर सुकती मध्यरात्री लागते, आणि पाणी सुमारे पाच मीटर उतरते. म्हणजे संध्याकाळी आठ मीटर पाण्यात नांगर टाकला, तर मध्यरात्री तीनच मीटर उरतील. आमच्या होडीला १.४ मीटर पाणी लागते, त्यामुळे तळ टेकण्याची भीती नाही. भीती नांगराच्या साखळीची आहे. नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यावरची उंची धरून नऊ मीटरच्या चौपट, म्हणजे ३६ मीटर साखळी सोडली, तर उथळ पाण्यात होडी फार मोठ्या वर्तुळात फिरेल, आणि ऑगस्टमध्ये शेजारी बऱ्याच होड्या असतील. माझे बालपण रत्नागिरीजवळ गेले, त्यामुळे उधाण आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी) मला नवे नाही; परंतु आमच्याकडे लहान होड्या संध्याकाळी किनाऱ्यावर ओढून ठेवत, भर पाण्यात झोपत नसत.

मध्यरात्री साखळी आखडावी काय? की मागूनही दुसरा नांगर टाकावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

साखळी आखडू नये. पहाटेपर्यंत पाणी पुन्हा पाच मीटर चढते, शिवाय उधाणाच्या भरतीत तो बांध बुडतो आणि त्यावरून प्रवाह आत येतो, त्यामुळे लांब साखळीची खरी गरज तेव्हाच असते. मागचा नांगरही नको, कारण शेजारच्या होड्या फिरतील आणि तुमची तेवढी जागच्या जागी अडकून राहील. सुकतीच्या वेळचे वर्तुळ मनात धरून जागा निवडावी आणि दिवसाउजेडी पांढऱ्या वाळूचा तळ पाहून नांगर टाकावा. समुद्री गवतात तो नीट रुतत नाही आणि गवताचीही नासाडी होते. नंतर इंजिन मागे चालवून नांगर रुतल्याची खात्री करावी. ओहोटीच्या तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी सर्वांत वेगाने, ताशी सव्वा मीटर उतरते, तेव्हा दोघांपैकी एकाने जागे राहावे.

शक्य असल्यास आठवडाभर थांबून भांगावर जावे. तेव्हा पाणी जेमतेम निम्मे हलते. आणि होडीला कणा (तळाखाली उतरणारी उभी पाती, कील) एकच आहे की दोन, हे कळवावे. दोन असतील तर ती वाळूवर सरळ उभी राहू शकते, आणि मग जागेचा विचार निराळ्या प्रकारे करता येईल.