जुने गोवे पाहिले म्हणजे पोर्तुगाल पाहिला?

वाटसरू:
लिस्बन दोन दिवस, सिंत्रा एक आणि पोर्तो दोन एवढे केले की पोर्तुगाल संपतो, उरतात ती नुसती चर्चेस आणि ती "आपल्याला जुन्या गोव्यात फुकट पाहायला मिळतात", असे गेल्या आठवड्यात एका सदस्याने येथे लिहिले. ते वाक्य चार दिवस डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितो.

लिस्बनमधल्या बेलेंच्या मनोऱ्यापुढे रांगेत उभे राहणाऱ्यांपैकी किती जण पश्चिमेकडच्या बुरुजीच्या तळाशी मान वर करून पाहतात? तेथे एका गेंड्याचे डोके कोरलेले आहे, इतके झिजलेले की सांगितल्याशिवाय ओळखू येणार नाही. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशाहाने गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला दिलेला हा गेंडा जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून निघाला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. राजा मानुएलने त्याची हत्तीशी झुंज लावली, तेव्हा हत्तीनेच पळ काढला. पुढे पोपला नजराणा म्हणून पाठवताना इटलीच्या किनाऱ्यापाशी जहाज फुटले आणि साखळदंडात अडकलेला तो बिचारा बुडाला. ड्यूरर या जर्मन चित्रकाराचे जगप्रसिद्ध चित्र याच गेंड्याचे आहे, आणि ते काढणाऱ्याने त्याला कधी पाहिलेही नव्हते. जुन्या गोव्यात हे कोठे फुकट मिळते, ते कळवावे.

साष्टीकर:
ते वाक्य माझेच असल्याने उत्तर देणे भाग आहे. झिजलेल्या दगडाकडे पाहत मान दुखवून घेण्यासाठी व्हिसाचे पैसे भरणारे आपण धन्य आहात! अशाच एका सल्ल्यावरून मी सत्तरीच्या आईला एव्होराच्या हाडांच्या चॅपेलमध्ये घेऊन गेलो होतो. भिंतींत आणि खांबांत सुमारे पाच हजार माणसांची हाडे बसवलेली आहेत, आणि दारावर लिहिले आहे, "आम्ही हाडे येथे आहोत, तुमच्या हाडांची वाट पाहत आहोत." मी अर्थ सांगितला. आई म्हणाली, "त्यांना म्हणावं, आम्हाला घाई नाही," आणि बाहेरच्या कट्ट्यावर संत्री सोलत बसली. तिकिटे वाया गेली ती गेलीच.

नदीकाठ:
आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगावा, त्यांचे मत आपल्यापेक्षा सुस्पष्ट आहे. पण "नुसती चर्चेस" हे पटत नाही. लिस्बनचे साव दोमिंगोस चर्च १९५९ साली आगीत जळाले, आणि आतले तडकलेले, काळवंडलेले खांब त्यांनी गुळगुळीत न करता तसेच ठेवले. मला सर्वांत आवडले ते कोइंब्राचे जुआनिना ग्रंथालय. तेथे वटवाघळे राहतात आणि रात्री पुस्तकांना लागणारे किडे खातात. त्यांची घाण पडू नये म्हणून संध्याकाळी मेजांवर चामड्याची आच्छादने घालतात आणि सकाळी फरशी पुसतात, एवढीच काय ती व्यवस्था. मी ज्या ग्रंथालयात वीस वर्षे नोकरी केली, तेथे दरवर्षी वाळवीवर औषध फवारले जाई. वाळवी धडधाकट राही आणि वाचक मात्र आठवडाभर खोकत, हे कोणाला सांगणार!

साष्टीकर:
साव दोमिंगोसचा विषय निघालाच आहे तर पुढचेही बोलू. १५०६ साली तेथे नवख्रिस्ती, म्हणजे बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या, ज्यूंची जी कत्तल झाली, तिचे स्मारक चर्चबाहेर आहे आणि ते योग्यच आहे. पण १५६० ते १८१२ गोव्यात जे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, चालले, त्याचे स्मारक लिस्बनमध्ये मला तरी दिसले नाही. आणि सिंत्राच्या पेन्या व्हेर्दे बागेतला तो शिलालेख? १२८७ सालचा संस्कृत लेख, त्रिपुरांतक या पाशुपत (शैव) आचार्याने सोमनाथला बांधलेल्या देवळांची हकिकत सांगणारा, आणि तो पोर्तुगीज हिंदुस्थानचा व्हाइसरॉय जुआंव द कास्त्रो याच्या बागेत शोभेला! तो परत आणला पाहिजे. तोवर मी कुतूहल वगैरे काही दाखवणार नाही.

वाटसरू:
म्हणजे पोर्तुगालमध्ये पाहण्यासारखे काही नाही असे म्हणणाऱ्यानेच, निम्म्या मार्गदर्शकांना ठाऊक नसलेली जागा आम्हाला सांगितली. आभारी आहे.

कातळ:
शिलालेख परत आणून ठेवणार कोठे, याचाही विचार व्हावा. आमच्या गावच्या वीरगळावर परवापर्यंत बायका धुणी आपटत होत्या, आणि देवळाच्या जीर्णोद्धारात उरलेल्या दोन वीरगळांना ऑइल पेंट लागला.

साष्टीकर:
आपल्या गावाने काळजी घेतली नाही, म्हणून दुसऱ्याने नेलेले त्याचे होते काय? चोराला शेजाऱ्याच्या निष्काळजीपणाची पावती मिळत नसते, महाशय.

नदीकाठ:
आवाज जरा खाली आणावा. दगड परत यावा असे मलाही वाटते, पण परत मागण्यासाठी तो तेथे आहे हे आधी कोणीतरी जाऊन पाहिलेले असावे लागते. पाच दिवसांत पोर्तुगाल संपवणाऱ्याला तो दिसणार नाही, एवढेच आमचे म्हणणे होते.

साष्टीकर:
बरे, गेंडा मान्य. वटवाघळेही मान्य, कारण ती निदान काम करतात. हाडांविषयी मात्र आईचा निर्णय अंतिम आहे, आणि त्या तिकिटांचे पैसे वाटसरूंकडून वसूल व्हावेत अशी विनंती आहे.