गोलातून बाहेर पडताना

चौकातल्या गोलात (राउंडअबाउटमध्ये) ‘शिरणाऱ्याला आतल्याने वाट द्यायची’ असं कुणी म्हणत असेल, तर ते उलटं आहे. 2017 च्या वाहनचालन नियमांनुसार आधीपासून गोलात असलेल्याचा हक्क पहिला. शिरणाऱ्याने उजवीकडे बघून थांबायचं. आतला थांबला की मागची रांग गोलभर साचते, बाहेर पडायच्या वाटा बुजतात आणि सगळंच ठप्प.

दोन लेनचा गोल असेल तर डावीकडे किंवा सरळ जाणाऱ्याने डावी लेन धरावी. उजवीकडे वळणाऱ्याने किंवा यू-टर्नवाल्याने आतली, उजवा इंडिकेटर देऊन. आपल्या आधीचा फाटा मागे पडला की लगेच डावा इंडिकेटर, डावा आरसा आणि खांद्यावरून एक नजर, कारण दुचाकी नेमकी तिथेच, आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात असते. जागा नाही मिळाली? आडवं घुसू नका, आणखी एक फेरी मारा. पेट्रोल कितीसं जळणार!

बसच्या डाव्या कुशीत तर शिरूच नका. बाहेर वळताना तिची मागची चाकं आत कापतात.