१९६६चा प्रिसिजन बेस: मूळचा आहे की जोडलेला, कसं ओळखायचं?

खर्जप्रेमी (न्यू जर्सी):
इथे एका विक्रेत्याकडे फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस (बेस गिटार) आहे. १९६६चा आणि सगळं मूळचं, असं तो सांगतो. सनबर्स्ट रंग, रोझवूडचा फ्रेटबोर्ड, नेक जोडणाऱ्या मागच्या प्लेटवर मोठा 'एफ' आणि १,२०,०००च्या घरातला नंबर. नेकच्या मागे मधोमध गडद लाकडाची पट्टी आहे. पिकगार्ड (बॉडीवरची पुढची पाटी) उघडायला तो तयार आहे, पण नेक काढायचं म्हटलं की का-कू करतो. नंबर १९६६शी जुळतो, तेवढ्यावर भरवसा ठेवावा का? पुढे बेस पुण्याला न्यायचा आहे.

तारयंत्री:
नंबरावर अजिबात नको. ती प्लेट चार स्क्रूंवर बसते, पाच मिनिटांत बदलता येते. कारखान्यातही प्लेटा नंबरवारीने लागत नसत.

तुम्ही सहज लिहून गेलात त्या पट्टीकडे बघा. फेंडरने प्रिसिजनवर १९५९ला रोझवूडचे फ्रेटबोर्ड आणले तेव्हा ट्रस रॉड (नेक वाकू नये म्हणून आत घातलेली सळी) पुढच्या बाजूने बसवून वर फ्रेटबोर्ड चिकटवत. मागे खाच पडतच नसे, मग ती बुजवायला अक्रोडाची पट्टी कशाला लागेल? रोझवूडच्या नेकवर ही पट्टी साधारण १९७१पासून दिसते, आणि नंतरच्या बऱ्याच पुनर्निर्मितींवरही. म्हणजे ही नेक १९६६ची नाही. बॉडी जुनी असू शकेल, पण 'सगळं मूळचं' हा दावा इथेच संपला.

तरी नेक काढून बघाच. आधी चारही तारा सैल करा, मग स्क्रूच्या खाचेत नीट बसेल असाच स्क्रूड्रायव्हर लावा. जुने स्क्रू घसरले तर खाच झिजते आणि भोवतीचं पॉलिश उडतं. नेकच्या टाचेवर शिक्का असतो: एक आकडा, इंग्रजी महिना, वर्ष, शेवटी एक अक्षर. पहिला आकडा तारीख नव्हे, मॉडेल आहे: ५ म्हणजे प्रिसिजन, ७ म्हणजे जॅझ, फेंडरचाच दुसरा बेस. अक्षर म्हणजे नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी) नेकची रुंदी: ए दीड इंच (३८ मिमी), बी एक पूर्णांक पाच अष्टमांश (४१ मिमी), सी पावणेदोन (४४ मिमी). कॅलिपर लावून मोजा. अक्षर आणि माप जुळलं नाही, तर शिक्काच खोटा समजा.

कथील:
पिकगार्ड उघडणार असाल तर पॉटच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवरचा किंवा कडेवरचा कोड वाचा. १३७ने सुरू होत असेल तर सीटीएस कंपनीचा, ३०४ने सुरू होत असेल तर स्टॅकपोलचा. त्यापुढचे दोन आकडे वर्ष, शेवटचे दोन आठवडा. १३७६६१२ म्हणजे १९६६चा बारावा आठवडा. इथे बरेच जण फसतात: फेंडरकडे १९६६च्या पॉटचा मोठा साठा होता आणि तो दशक संपेपर्यंत वापरात राहिला. म्हणून ६६चा पॉट १९६६ सिद्ध करत नाही, पण ६८चा पॉट मात्र एकतर १९६६ खोटं पाडतो, नाहीतर दुरुस्ती झाल्याचं सांगतो.

वायर कापडी आवरणाची हवी. प्लास्टिकची साधारण १९६८पासून आली. सोल्डर एकदाच लागलेलं, मळकट झालेलं असावं; त्यावर चकचकीत नवा थेंब असेल तर कुणाचा तरी हात फिरला आहे.

पिकअपचे (तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकी भागाचे) दोन अर्धे एकमागोमाग जोडलेले असतात. मल्टिमीटरवर दोन्ही मिळून साधारण १०-११ किलोओहम यावेत. एक अर्धा तुटला की अख्खा बेस मुका होतो. पोलचे चुंबक दाबून 'सरळ' करायला जाऊ नका. या पिकअपला प्लास्टिकची बॉबिन (रीळ) नाही, केसाहून बारीक तार थेट चुंबकांवर गुंडाळलेली असते. चुंबक जरासा सरकला की आतली तार तुटते. खालचा कुजलेला फोमही काढा, तो ओल धरतो आणि तारेला गंज चढतो.

खर्जप्रेमी:
नेक नंतरची आणि बॉडी खरंच १९६६ची निघाली, तर घ्यावा का?

गांधारग्राम:
वाजवायला हवा असेल तर जरूर घ्या, मात्र किंमत सुट्या भागांची द्या. आधी बॉडीची खात्री करा. नेक बसते त्या खोबणीत रंगवताना धरायची काठी स्क्रूने लावत, म्हणून तिथे काठीच्या आकाराचा बिनरंगी भाग दिसायला हवा. तो नसेल तर रंग नंतरचा असण्याची शक्यता मोठी. पुन्हा रंगवलेल्या बॉडीची किंमत साधारण निम्म्यावर येते. अंधारात अतिनील दिवा धरा: जुनं नायट्रो लॅकर (त्या काळचं पॉलिश) पिवळट-हिरवं चमकतं, नव्या रंगाचे ठिगळ गडद राहतात. अ‍ॅसिटोन लावून तपासू नका, नायट्रो तिथल्या तिथे विरघळतं.

नंतरची नेक असली म्हणून बेस कमी प्रतीचा ठरत नाही. ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी) तेच, खर्जाचा तो ठाम, गोल आवाज तोच. फक्त मूळच्या किमतीला विकला जाऊ नये.

पुण्याबद्दल: ब्राझिलियन रोझवूड १९९२पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट १मध्ये, म्हणजे सर्वांत कडक यादीत आहे. २०१९ची तयार वाद्यांची सवलत रोझवूडच्या इतर जातींना आहे, तिला नाही. फ्रेटबोर्डचं लाकूड जाणकाराकडून ठरवून घ्या. भारतीय रोझवूड, म्हणजे आपला शिसव, असेल तर प्रश्न मिटला. ब्राझिलियन असेल तर अमेरिकेतून निघण्याआधी परवाना हातात हवा, नाहीतर वाद्य विमानतळावर अडकतं.