स्वादुपिंडाचं दुखणं आणि आपलं ताट : तुम्हाला काय सोसतं?

मृण्मयी_सांगली :
समोरच्या बिल्डिंगमधला मुलगा काल दवाखान्यातून घरी आला. अक्यूट पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज. पित्ताशयातला खडा नळीत अडकला होता. संध्याकाळी त्याची बायको डिस्चार्जचा कागद घेऊन आली. त्यावर आहाराबद्दल एकच ओळ, "तेलकट-तिखट टाळा, हलका आहार." ती विचारत होती, "काकू, हलका म्हणजे काय हो? पोहे देऊ? फोडणी घालू की नको?" माझे ते सगळे दिवस डोळ्यांपुढे आले. पोटातून आरपार पाठीत जाणारी कळ, आणि पुढे वाकून बसलं तरच जरा श्वास घेता यायचा.

माझा आता क्रॉनिक, म्हणजे कायमचा मागे लागलेला आहे. खडे नाहीत, दारू नाही, कारण सापडलं नाही. (हे नाव ऐकलं की लोक आधी दारूचंच विचारतात. बायकांनाही. याचा फार त्रास होतो.)

माझ्यापुरतं सांगायचं तर पदार्थापेक्षा एका बैठकीत स्निग्ध किती गेलं यावर सगळं असतं. भाजीला चहाचा चमचाभर तेलाची फोडणी सोसते. त्याच जेवणात वरणावर तूप आणि बाजूला शेंगदाण्याची चटणी आली की रात्र बसून काढावी लागते. दाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं, आणि आमच्याकडे कूट पडत नाही अशी भाजी शोधावी लागते! दुधी, दोडका, पडवळ, मुगाचं वरण, मऊ भात, साय काढलेल्या दुधाचं ताक हे बिनधास्त. ज्वारीची भाकरी चालते, बाजरीची जड जाते, तिच्यात स्निग्धांश ज्वारीपेक्षा बराच जास्त असतो. तुरीची आमटी मला नाही सोसत, माझ्या नणंदेला हाच आजार आहे आणि ती रोज खाते. म्हणून हा धागा. लिहा सगळ्यांनी, त्या मुलीला वाचायला देणार आहे.

रानजाई :
मेतकूट भात!! नंतर सविस्तर लिहिते, कुकर लावलाय.

खाडीपलीकडे :
आमचं रत्नागिरी. वाटपाशिवाय आमटी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. ह्यांना झाल्यावर ओला नारळ बंद, सुक्या खोबऱ्याचं तर नावच नको, त्यात निम्म्याहून जास्त तेल. सासूबाईंनी काय केलं, कांदा-टोमॅटो वाफवून वाटायला लागल्या, वर आमसूल आणि चिमूटभर तांदळाचं पीठ दाटपणाला. आता घरात सगळे तेच खातात. मासे बंद करायची वेळ आली नाही. ओले बोंबील आणि मुडदुशी चालतात, तळून नाही, पातळ कालवण. बांगडा, तारली नाही, ते तेलाचे मासे. मुडदुशी आमच्याकडे पूर्वीपासून आजाऱ्याला आणि बाळंतिणीला देतात.

सह्यकडा :
@मृण्मयी, दारूच्या प्रश्नाबद्दल अगदी खरं. माझ्या बहिणीला लग्नाच्या बोलणीत हेच विचारलं होतं. चिडून उठून आलो आम्ही.

प्राजक्त_फुलं :
वडिलांचं लिहिते, कारण ही गोष्ट कुणी उघड बोलत नाही. त्यांची शी तेलकट व्हायची, पाण्यावर तरंगायची, फ्लश केलं तरी जायची नाही. वजन उतरत चाललेलं. सगळे म्हणत पोट बिघडलंय, ताक द्या. शेवटी पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वादुपिंड पाचक रसच पुरेसे करत नाहीये, खाल्लेलं स्निग्ध तसंच बाहेर पडतंय. मग एन्झाइमच्या कॅप्सूल सुरू झाल्या. चिठ्ठीवर नुसतं "३ वेळा" होतं, औषधवाल्या दादांनी समजावलं की ही जेवणाआधी किंवा नंतर नाही, पहिल्या घासाबरोबर, आणि जेवण लांबलं तर डॉक्टरांना विचारून काही मधे. चावायची नाही.

आता खरी अडचण. बाबा माळकरी. ह्या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात. डॉक्टरांनी लपवलं नाही, त्यांचे आभारच मानते. बाबा गप्प बसून राहिले. आई रडली. मग एकदा संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर म्हणाले, "पांडुरंगाला ठाऊक आहे, मी हे जिभेसाठी घेत नाही." दुसऱ्या दिवसापासून घ्यायला लागले. वजन भरलं. आणि गंमत म्हणजे ज्या तुपाला आम्ही घरातून हद्दपार केलं होतं ते आहारतज्ज्ञ ताईंनी थोडं परत आणायला सांगितलं. म्हणाल्या, कॅप्सूल नीट चालल्यात तर स्निग्ध पूर्ण तोडायचं कारण नाही, माणूस कुपोषित होतो. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही स्निग्धाबरोबरच शोषली जातात, ड तर फारच कमी निघालं होतं.

खाडीपलीकडे :
@प्राजक्त_फुलं डोळ्यांत पाणी आलं गं. बाबांना नमस्कार सांग.

पुणेकर_२ :
माझं कारण ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी. हजाराच्या वर गेलं होतं. आमच्यासारख्या पेशंटांनी नुसतं तेल बघून भागत नाही हो, साखर, मैदा, फळांचे रस हे पण बघावं लागतं. मला आता मधुमेहही आहे. दुधाच्या पिशवीवर बघत जा : फुल क्रीम ६ टक्के, टोन्ड ३, डबल टोन्ड १.५. ऑफिसच्या डब्यात इडली (चटणी नाही, सांबार पातळ), नाहीतर फुलका आणि पडवळ. एकदम पोटभर न जेवता थोडं थोडं ४-५ वेळा. कॅन्टीनमधे मित्र म्हणतात, अरे एक वडापाव काय करतोय. करतो!

रानजाई :
आले. 'एवढ्याने काय होतंय' ह्या वाक्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी. लग्नात वाढणाऱ्या मावशी तुपाची धार सोडून हसत पुढे जातात. मी आता ताटावर सरळ हात आडवा धरते.
मेतकूट तेवढं घरचं, आणि वर तूप न घालता ताक. पहिल्यांदा कोरडं लागतं, मग आवडायला लागतं.

शिवारातला :
आजीला मिश्रीची सवय होती. डॉक्टरांनी दारू-सिगरेटवाल्यांना सांगतात तसं तिलाही तंबाखू सोडायला लावली. पथ्य सगळं पाळलं पण मिश्रीसाठी भांडायची बिचारी. 😀 आमच्या गावात एक वैद्य काढा देतात, बऱ्याच जणांना गुण आलाय, पत्ता देऊ का?

मृण्मयी_सांगली :
@शिवारातला, राग नको मानू पण इथे पत्ता नको. कळ, उलट्या, ताप, डोळे पिवळे यातलं काही असेल तर थेट हॉस्पिटल. घरी काढा घेत थांबणारी माणसं मी वॉर्डात बघितली आहेत. आजीचं मात्र कौतुक, मिश्री सुटणं सोपं नाही.

शिवारातला :
पटलं ताई. नाही देत.

नवखा_वाचक :
आषाढीला काय करता? आई उपास सोडायला तयार नाही. साबुदाण्याची खिचडी म्हणजे दाणे, तूप, बटाटा सगळंच.

प्राजक्त_फुलं :
वरीचा भात मऊ शिजवून, वर जिरं-आलं लावलेलं पातळ ताक. दाण्याची आमटी नाही. राजगिऱ्याच्या लाह्या साय काढलेल्या दुधात. आणि दिवसभर उपाशी ठेवून रात्री भरपेट फराळ हे अजिबात नको, थोडं थोडं द्या. कॅप्सूल चालू असतील तर उपासाच्या खाण्याबरोबर पण घ्यायच्या, बाबा विचारत होते म्हणून सांगते.

पुणेकर_२ :
@खाडीपलीकडे ती मुडदुशी पुण्यात कुठल्या नावाने मागू? कोळीणबाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

खाडीपलीकडे :
नगली म्हणून विचार. लांबट, फिकट रंगाची असते. मोठी घेऊ नकोस, वीतभर बघ, आणि साफ करून घे. कालवण कसं करायचं ते रात्री टाकते, आत्ता मुलाची व्हॅन येईल.