मदत हवी आहे: २१४७४८३६४७ मूळ संख्या आहे हे नववीतल्या मुलीला कसं पटवून द्यायचं?

मंडळी, गणितातल्या जाणकारांनी जरा हात द्या.

भाची ठाण्यात, नौपाड्यात नववीत शिकते. शाळेच्या प्रदर्शनात गणिती द. रा. कापरेकरांच्या ६१७४ चा (चार आकडी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिलं की शेवटी येणारी संख्या) तक्ता ठरलेला (त्यांचं माध्यमिक शिक्षण ठाण्यातलंच, त्यामुळे हक्काचा माणूस!). बाई म्हणाल्या, या वेळी दुसरं काहीतरी आणा. मी महाप्यात सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे तोंडून आपोआप २१४७४८३६४७ निघून गेलं. म्हणजे २^३१ − १. १९७० च्या सुरुवातीपासूनचे सेकंद मोजणारी जुन्या ३२-बिट सिस्टिमची घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८:४४:०७ ला याच आकड्यावर अडणार आहेत. भाचीला त्यात काडीचा रस नाही. तिचं एकच, "मामा, ऑयलरने १७७२ मध्ये कॅल्क्युलेटर नसताना ही मूळ आहे हे ठरवलं कसं?"

वर्गमूळ ४६३४० च्या किंचित वर. तिथवरच्या मूळ संख्या चार हजारांहून जास्त. एकेकीने भागत बसलो तर दिवाळीची सुट्टी गेलीच.

पहिली चाळणी मला समजते. क हा मूळ विभाजक असेल तर २^३१ ला क ने भागून बाकी १ उरते. फर्माच्या प्रमेयाने २^(क−१) चीही बाकी १. ३१ मूळ आहे, म्हणून क−१ ला ३१ ने भाग जायलाच हवा. क विषम, म्हणजे क = ६२न+१.

पण पुढे म्हणे क ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ च येते, म्हणून फक्त २४८न+१ आणि २४८न+६३ तपासायचे, साधारण पावणेचारशे. हा ८ कुठून उपटला? वर्गशेषांचं (वर्गांना भागून कोणत्या बाक्या उरू शकतात त्याचं) प्रकरण काढलं तर ही पोरगी तक्ता टाकून खायच्या सोड्याचा ज्वालामुखी करेल.

प्रतिसाद (बेलापूरकर):
२^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. आणि २^३२ म्हणजे २^१६ चा वर्ग! म्हणजे क ने भागून बाकी २ उरेल असा एक वर्ग असायलाच हवा. तिलाच शोधायला लावा. ७ ला ३ चा वर्ग चालतो, १७ ला ६ चा, २३ ला ५ चा. ३, ५, ११, १३ ला कितीही शोधा, मिळत नाही. ज्यांना मिळतो ते सगळे ८ च्या पाढ्याच्या एक पुढे नाहीतर एक मागे. हे नेहमीच का, ते प्रमेय तक्त्यावर 'गृहीत धरलं' असं सरळ लिहा, परीक्षकांना चालतं.

आधी २^११ − १ = २०४७ करून दाखवा. वर्गमूळ ४५ च्या वर, २२न+१ मधले उमेदवार फक्त २३ आणि ४५. ४५ ची ८ ने बाकी ५, बाद. २३ × ८९ = २०४७. घातांक मूळ असूनही संख्या फुटली!

धागाकर्ता:
२^१६ चा वर्ग! धन्यवाद हो. बाईसाहेबांनी लगेच ३१ ला ८ चा वर्ग शोधून काढला. आता यादीतले ६३, २४९ असे फुटणारे गाळून उरलेले भागाकार वर्गात वाटायचा बेत आहे. पहिला ३११, त्याची बाकी ३५ आली. पुढचा १३०३. फुटणारे झटपट गाळायची युक्ती आहे का कुणाकडे?