बाळंतपणाचा क्लास : फी भरण्याआधी काय विचारायचं?

अबोली_गोरेगाव

पहिली खेप, तिसावा आठवडा चालू आहे, तारीख जुलैच्या मध्यावर. राहायला गोरेगाव पूर्वेला, नाव अंधेरी पश्चिमेच्या हॉस्पिटलात घातलंय. दोन क्लास समोर आहेत. एक गर्भसंस्काराचा, बारा सत्रांचा : मंत्र, संगीत, आहार, थोडी आसनं. दुसरा हॉस्पिटलचाच, चार शनिवार, जोडीने यायचं. मिस्टरांना शिफ्ट असते, चारही शनिवार जमणार नाहीत. पहिले दोन महिने सासूबाई सोबत असतील, मालिशवाल्या मावशीही ठरल्यात.

तिसाव्या आठवड्यात उशीर झाला का? फी भरण्याआधी काय विचारून घेऊ? आणि सगळं यूट्यूबवर असताना क्लासची खरंच गरज आहे का?

आजची_सुईण

उशीर अजिबात नाही. २८ ते ३२ आठवडे हीच चांगली वेळ. फक्त ३६व्या आठवड्याच्या आत संपेल असं बघा. ३७ पूर्ण झाले की बाळ कधीही येऊ शकतं, आणि राहिलेलं सत्र नेमकं बाळाला पाजण्याचं असतं.

गर्भसंस्काराने मनाला बरं वाटत असेल तर जरूर करा, पण ती बाळंतपणाची तयारी नव्हे. कळा कशा मोजायच्या, कधी निघायचं, बाळ छातीला कसं लावायचं, हे तिथे बहुधा येत नाही. एकच परवडणार असेल तर हॉस्पिटलचा घ्या. यूट्यूबवर माहिती मिळते, पण तुमचा हात चुकीच्या जागी आहे हे व्हिडिओ सांगत नाही. क्लासची फी त्या दुरुस्तीसाठी असते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा : एका बॅचला किती जोडपी, आणि प्रत्येकीच्या हातात बाहुली येते का? आठ-दहा जोडप्यांच्या वर असेल तर ते व्याख्यान झालं.

हॉस्पिटलच्या क्लासचा मोठा फायदा म्हणजे तिथली रीत आधी कळते. हे स्पष्ट विचारा : प्रसूतिकक्षात सोबत कोणाला येऊ देतात? कळा चालू असताना चालू-फिरू देतात का, पाणी पिऊ देतात का? खाली छेद देऊन टाके सरसकट घालतात की गरज पडली तरच? बाळ व्यवस्थित असेल तर नाळ कापायला निदान एक मिनिट थांबतात का, आणि बाळ लगेच आईच्या छातीवर ठेवतात का? सिझेरियन झालं तर त्याचं काय? एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून देतात ती भूल) हवं असेल तर रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ हॉस्पिटलात असतात की घरून बोलवावे लागतात? या शेवटच्या प्रश्नाला माहितीपत्रकात कधीच उत्तर नसतं.

आणखी एक. क्लासमध्ये डब्याच्या दुधाचे नमुने, कूपनं किंवा कंपनीच्या नावाच्या पिशव्या वाटत असतील तर तिथून उठा. १९९२च्या कायद्याने अशा दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात आणि फुकट वाटप बंद आहे.

आता कळांबद्दल, कारण सगळ्यात जास्त चूक मोजण्यात होते. अंतर मोजायचं ते एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत. बऱ्याच जणी कळ संपल्यापासून मोजतात, मग अंतर कमी दिसतं आणि धावपळ होते. पहिल्या खेपेला ढोबळ नियम असा : दर पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ साधारण मिनिटभर, आणि असं तासभर टिकलं की निघायचं. चालल्यावर, कूस बदलल्यावर किंवा पाणी पिऊन पडल्यावर विरल्या तर त्या खोट्या कळा. फार आधी गेलात तर गर्भाशयाचं तोंड जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर उघडलेलं असतं, तासन्‌तास पलंगावर जातात आणि कळा वाढवायचं सलाइन लागण्याची शक्यता वाढते.

पण काही गोष्टींत घड्याळ बघायचं नाही, सरळ निघायचं : पाणी गेलं (हिरवट किंवा तपकिरी असेल तर अजिबात वेळ घालवायचा नाही), रक्ताळ चिकट स्रावापेक्षा जास्त रक्त, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी, जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, किंवा ३७ आठवड्यांच्या आधीच नियमित कळा. हालचालीची शंका आली तर जेवून डाव्या कुशीवर झोपा. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत, तर सकाळची वाट बघू नका.

श्वास : नाकाने सावकाश आत, तोंडाने त्याहून लांब बाहेर. बोटांना मुंग्या येऊ लागल्या, ओठ बधिर झाले, तर श्वास फार भराभर चाललाय आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरलाय. बाहेरचा श्वास लांबवला की थांबतं. डॉक्टर किंवा नर्स तपासून सांगेपर्यंत जोर लावायचा नाही. गर्भाशयाचं तोंड पूर्ण, म्हणजे दहा सेंटिमीटर, उघडण्याआधी जोर केला तर त्याला सूज येते आणि तुमची ताकदही वाया जाते.

मिस्टरांनी निदान एक शनिवार काढावा, तो कळांचा. कंबर धरून येते तेव्हा माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर तळहाताच्या टाचेने दाब द्यायचा असतो. कोपर सरळ, जोर खांद्यातून, कळ असेपर्यंत हात हलवायचा नाही. बहुतेक नवरे बोटांच्या टोकांनी चोळत बसतात. त्याने कातडी सोलवटते, कंबरेला आराम काहीच मिळत नाही.

दूधसाय

वरच्या ताईंशी सहमत. फक्त पाजण्याच्या सत्राला मिस्टरांचा शनिवार हुकला तरी चालेल, सासूबाईंना न्या. दुसऱ्या रात्री बाळ सारखं रडतं तेव्हा “दूध पुरत नाही, वरचं द्या” हे वाक्य घरातल्या मोठ्या माणसाच्या तोंडून येतं. ते माणूस क्लासला बसलेलं असलं की अर्धं काम झालं.

पहिले दोन-तीन दिवस चीक असतो, थेंबाथेंबाने. बाळाच्या पोटात पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभरच मावतं, त्यामुळे तो पुरतो. दूध भरून यायला दोन ते पाच दिवस लागतात, सिझेरियननंतर थोडं जास्त. या मधल्या काळात वरचं दिलं की बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी तयार होतं, आणि मग खरोखरच पुरेनासं होतं. पहिला घोट जन्मानंतर तासाभरात, नंतर चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, रात्री धरून.

लावायची पद्धत बाहुलीवर घटवून घ्या. बाळाचं पोट तुमच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत. स्तनाग्र बाळाच्या नाकासमोर, तोंडासमोर नाही. ओठाला स्पर्श करून थांबायचं. जांभई देताना उघडतं तेवढं तोंड उघडलं की बाळाला स्तनाकडे आणायचं, स्तन बाळाकडे वाकवायचा नाही. हनुवटी आधी टेकते, खालचा ओठ बाहेर उलटतो, आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतो, खाली कमी. गाल फुगीर दिसायला हवेत. खळगे पडत असतील किंवा टकटक आवाज येत असेल तर पकड चुकली आहे. पहिले काही सेकंद ओढ जाणवते, पण दुखतच राहिलं तर सहन करू नका. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. नुसतं खेचलंत तर चिरा पडतात. सिझेरियन झालं तर बाळाला काखेखाली घेऊन पाजायची पद्धत मुद्दाम शिकून घ्या, टाक्यांवर भार येत नाही.

पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवू नका, लंगोटावरून ठरवा. पहिल्या दिवशी निदान एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. शी काळ्याची हिरवट, मग पिवळी व्हायला हवी. चौथ्या-पाचव्या दिवशीही काळीच असेल तर दाखवा. वजन आधी थोडं उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत धरून चालतात, आणि दोन आठवड्यांत जन्माइतकं परत येतं.

बाळ वेळेआधी आलं आणि आईला दूध नसेल तर मुंबईत दूधपेढीची सोय आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातली १९८९ सालची, आशियातली पहिली. अशा बाळासाठी पावडरच्या आधी डॉक्टरांना दूधपेढीचं विचारायचं.

अबोली_गोरेगाव

लंगोटाचा हिशेब फ्रिजवर चिकटवते. सासूबाई यायला तयार आहेत, पण त्यांचं म्हणणं, मावशींना सगळं येतं, आंघोळ-मालिश काय शिकायचं? त्यांना काय सांगू?

नवजात_कक्ष

मावशींना काढू नका. पायांवर घेऊन आंघोळ घालायला त्यांच्याइतकं चांगलं कोणाला येत नाही. फक्त काय चालणार नाही ते पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, मग रोजची कटकट राहत नाही.

मालिश हलक्या हाताने, अंगठ्या-बांगड्या काढून, पाजल्यावर लगेच नको. साधं खोबरेल पुरतं. टाळूवर वरवर तेल लावलं तर बिघडत नाही, दाबायची नाही. नाकात-कानात तेल सोडायचं नाही. नाकातलं तेल फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. नाक ओढणं नको. मुलगा असो वा मुलगी, छातीत गाठ लागते ती आईच्या संप्रेरकांमुळे, आपोआप जाते. ती पिळून दूध काढायची जुनी सवय काही ठिकाणी अजून आहे, त्याने गळू होतो. डाळीचं पीठ आणि मलई नाजूक कातडीला खरखरीत लागतं, लव त्याने जात नाही.

पहिली आंघोळ चोवीस तासांनंतर, बाळ कमी वजनाचं असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा. बादलीत आधी गार पाणी, मग त्यात गरम. कढत पाण्यावर विसण घालत बसलं की अंदाज चुकतो आणि घाईत तसंच अंगावर जातं. कोपर बुडवून बघायचं, कोमटच हवं. खोलीत कोळशाची शेगडी किंवा धुरी नको. मुंबईच्या बंद खोलीत तो धूर आणि कार्बन मोनॉक्साइड आई-बाळ दोघांना बाधतो.

नाळेला काही लावायचं नाही, हळद नाही, पावडर नाही, तेल नाही. लंगोट नाळेच्या खाली दुमडायचा. पाच ते पंधरा दिवसांत गळते. भोवती लाली, पू किंवा घाण वास आला तर त्याच दिवशी दवाखाना. काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. मध, गुटी, ग्राइप वॉटर नको. मधातून बोटुलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषबाधेचा, धोका असतो, म्हणून वर्षापर्यंत मध नाहीच. राईची उशी आजी हौसेने शिवतात, पण वर्षापर्यंत उशी कुठलीच नको. पाठीवर, घट्ट गादीवर झोपवायचं. गुंडाळताना पाय सरळ ताणून बांधायचे नाहीत, खुब्याचा सांधा निसटतो. दुपट्यात मांड्या बेडकासारख्या फाकवता यायला हव्यात. जुलैच्या दमट हवेत टोपडं-मोजे घालून ठेवलं की घामोळं ठरलेलं. पंखा चालतो, थेट झोत नको.

काविळीबद्दल सासूबाईंना नीट समजवा, कारण “उन्हात धरा” हा सल्ला अजून मिळतो. काचेतलं ऊन हा उपचार नाही, त्यात वेळ जातो. पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा दिसला तर तो धोक्याचा. एरवी तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वात जास्त असतो, नेमका घरी आल्यावर. म्हणून घरी सोडताना तपासणीची तारीख घेऊनच निघा. दिवसाच्या उजेडात कपाळ आणि छातीची कातडी बोटाने दाबून बघा. तळहात-तळपाय पिवळे दिसले तर त्याच दिवशी रक्तातलं बिलीरुबिन (काविळीचं प्रमाण) तपासा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे थेट दवाखाना. घरी पॅरासिटामॉलचा थेंबही आधी नाही. बाळ पीत नसेल किंवा सारखं झोपलेलंच असेल तर ताप नसला तरी जायचं.

जन्मतः बीसीजी, पोलिओचे थेंब, चोवीस तासांत हिपॅटायटिस बी, आणि व्हिटॅमिन केचं इंजेक्शन. फाइलवर चारही नोंदी आहेत का ते घरी निघण्याआधी बघा.

लोकल_बाबा

बाकी सगळं झालं, रस्त्याचं कोणी बोललं नाही. गोरेगाव पूर्वेहून अंधेरी पश्चिम, तेही जुलैत. अंधेरी सबवे पावसात बंद होतो, त्यावर भरवसा ठेवू नका. गोरेगावातच मृणालताई गोरे पुलावरून पश्चिमेला उतरा आणि एस. व्ही. रोड धरा. किंवा हायवेने जाऊन गोखले पूल. मिस्टरांना दोन्ही रस्ते एकदा गर्दीच्या वेळी चालवून बघू दे. महापालिका भरतीच्या वेळा आधीच जाहीर करते. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आला की सखल भागातलं पाणी उतरत नाही. त्या दिवशी कळा पाच मिनिटांवर यायची वाट न बघता आधीच हॉस्पिटलला फोन करून विचारा. १०८ नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा.

पिशवीत एक प्लास्टिकचं फोल्डर : तपासणीचं कार्ड, रक्तगट, एचआयव्ही आणि हिपॅटायटिसचे रिपोर्ट, शेवटची सोनोग्राफी, आधार, विम्याचं कार्ड. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, अँटी-डी इंजेक्शन वेळेत लागतं. बाळासाठी झबली, सुती दुपटी, लंगोट. बाटली नको.

आजची_सुईण

एक राहिलं. बाळंतीण पहिल्या आठवड्यात उगाच रडते, ते बहुतेकींचं होतं आणि विरतं. दोन आठवडे उलटूनही उदासी, झोप न येणं, बाळाजवळ जावंसं न वाटणं असं चालू राहिलं तर डॉक्टरांना सांगायचं, किंवा टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. हा नंबर मिस्टरांकडे असू द्या, कारण जिला गरज असते ती फोन करत नाही. तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गुठळ्या जात असतील, ताप असेल किंवा एकच पोटरी दुखून सुजली असेल तर नंबर शोधत बसू नका, हॉस्पिटल गाठा.

आणि जन्मनोंद २१ दिवसांच्या आत. हॉस्पिटल माहिती पालिकेला पाठवतं, पण आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग अर्जावर तुम्हीच आधारशी ताडून बघा. घरी सोडण्याच्या गडबडीत ते राहतं आणि मग दुरुस्तीसाठी वॉर्ड ऑफिसच्या खेपा घालाव्या लागतात. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी नोंद होते, नाव नंतर घालता येतं.